दुसऱ्या माणसाची जागा

नाथाने उजवा गुडघा बॅगेवर रोवला आणि अंगाचं सगळं वजन टाकून झाकण दाबलं. निवृत्तीने दोन्ही बाजूंनी चेन ओढत आणली, पण कोपऱ्याशी येऊन ती पुन्हा अडली.

"एक स्वेटर कमी कर," नाथा म्हणाला.

"नको हो भाऊजी," मागे उभी असलेली छाया म्हणाली. निवृत्तीची बायको. गेले दोन महिने ती हातात सुया घेऊनच वावरत होती. "तीनच तर दिलेत. तिकडे बर्फ पडतो म्हणतात."

निवृत्तीने आधी बायकोकडे पाहिलं, मग नाथाकडे. "पडतो का रे आत्ता?"

नाथाला ठाऊक होतं. त्याचा मुलगा ओम सातवीला होता आणि त्याचं भूगोलाचं पुस्तक नाथाने आठ दिवसांपूर्वीच चाळून ठेवलं होतं. न्यूझीलंड पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला. आपल्याकडे जानेवारीची थंडी असते तेव्हा तिथे भर उन्हाळा.

"पडत असेल," तो म्हणाला. "आपल्याला काय माहीत?" आणि त्याने गुडघा असा दाबला की चेन सर्रकन पुढे गेली.

दुपारी सिडकोतल्या त्या गल्लीतून विमानतळाची जीप निघाली. शेजारपाजारचे सगळे रस्त्यावर आले होते. निवृत्तीने थोरामोठ्यांना वाकून नमस्कार केला, सहा वर्षांच्या लेकीचा, हर्षालीचा पापा घेतला आणि शेवटी नाथाला मिठी मारली. नाथाचे हात खाली लोंबकळत राहिले. मग लोक बघताहेत हे ध्यानात येऊन त्याने निवृत्तीच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

"घराकडे लक्ष ठेव," निवृत्ती म्हणाला.

"ठेवतो रे. एक महिन्याचा तर प्रश्न आहे. फिरून ये."

फिरून ये, हे शब्द त्याने जरा मोठ्याने उच्चारले.

दोघं सातपूरच्या आयटीआयमध्ये एका बाकावर बसलेले. तिथून अंबडच्या एकाच कारखान्यात, एकाच टूलरूममध्ये, लोखंडाचे साचे घडवायच्या कामाला लागले त्याला आता सोळा वर्षं होत आली होती. या सोळा वर्षांत नाथा पुढे आणि निवृत्ती मागे, हा क्रम ठरलेला होता. परीक्षेत नाथा पहिला आला, निवृत्ती तिसरा. नाथाने आधी स्कूटर घेतली, सिडकोत आधी घर घेतलं, मग दोन गल्ल्या सोडून निवृत्तीनेही घेतलं. नाथा टूलरूमचा सिनियर झाला आणि निवृत्ती त्याच्या हाताखाली राहिला. निवृत्तीला त्याचं कधी वाईट वाटलेलं दिसलं नाही. नवं ड्रॉइंग हातात आलं की तो ते घेऊन आधी नाथाच्या टेबलाशी यायचा, "एकदा नजर टाक रे" म्हणायचा आणि मगच मशीन चालू करायचा.

पंच्याण्णव साली मस्कतच्या एका कारखान्यासाठी माणसं निवडायला मुंबईला लोक आले होते. तेव्हाही नाथानेच पुढाकार घेतला. दोघांनी पासपोर्ट काढले, दोघंही निवडले गेले. पण ऐन वेळी नाथाच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि त्याला जाता आलं नाही. "तू नाहीस तर मी एकटा तिथे जाऊन काय करू?" असं म्हणून निवृत्तीही थांबला. वडील पुढे दीड वर्षाने गेले. मस्कतचा विषय निघाला की नाथा म्हणायचा, "गेलो नाही तेच बरं झालं. दुसऱ्याच्या दारात जाऊन राबायचं कुणी सांगितलंय?" हे तो इतक्यांदा म्हणाला होता, की आता ते त्याचं मतच होऊन बसलं होतं.

आणि यंदा, नव्व्याण्णव साली, निवृत्ती एकटाच निघाला होता. छायाचा मावसभाऊ ऑकलंडला होता. तो म्हणाला, महिनाभर येऊन राहा, आपल्या डोळ्यांनी बघा, चार कारखाने पालथे घाला, कुणी नोकरीचं पत्र दिलं तर पुढे सहकुटुंब यायचं बघू. निवृत्तीने हे नाथाला सांगितलं नाही. नाथाला ते कळलं बायकोकडून, साधनाकडून, आणि तिला कळलं छायाकडून, पिठाच्या गिरणीवर दळणाचा डबा ठेवताना. तिकीट तेव्हा काढून झालेलं होतं.

"तुम्हाला बोलले नाहीत का ते?" साधनाने विचारलं होतं.

"बोलला होता," नाथा म्हणाला होता. "मीच विसरलो तुला सांगायचं."

फोन नाथाच्या घरी होता, निवृत्तीच्या घरी अजून आलेला नव्हता. त्यामुळे ठरलं होतं असं, की दर रविवारी दुपारी निवृत्तीने नाथाकडे फोन करायचा आणि छायाने हर्षालीला घेऊन तिथे येऊन बसायचं. पहिल्या रविवारी ती अर्धा तास आधीच आली. अंगावर जरीकाठाची साडी होती. फोनवर बोलायला साडी कशाला नेसायची, असं नाथाच्या मनात आलं.

फोन वाजला. नाथाने उचलला.

"नाथा! अरे, इथे उन्हाळा आहे!" निवृत्ती ओरडून बोलत होता आणि हसत होता. "अंगात स्वेटर घालून उतरलो. विमानतळावर लोक चड्डीवर फिरताहेत आणि मी आपला घामाघूम. छायाचा भाऊ हसून हसून लोळायचा राहिला!"

"असं होय," नाथा म्हणाला.

"पण काय जागा आहे रे! तू बघायला हवं होतंस."

नाथाने पुढचं ऐकलं नाही, फोन छायाकडे दिला. मग तो पेपर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. पेपरातलं एक अक्षर त्याच्या डोळ्यांत शिरत नव्हतं. छायाच्या बाजूचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"हो... हो का?... अगबाई, घरातून दिसतो? समुद्र?... कसा, निळा?... मग भाजी कोण करतं?... जेवता ना नीट?"

फोन ठेवल्यावर तिचा चेहरा उजळून निघाला होता. साधनाने तिच्यासमोर चहा ठेवला आणि स्वतःचा कप घेऊन तिच्या अगदी जवळ बसली.

"काय म्हणाले? सगळं सांग."

"म्हणाले, तिथे कचरा उचलणारा माणूससुद्धा स्वतःच्या गाडीतून येतो."

"मग तिथे जाऊन कचरा उचलायचा का?" पेपराआडून नाथा म्हणाला.

छायाने बशीत चहा ओतला आणि तो फुंकत राहिली.

कारखान्यातही रोज कुणी ना कुणी विचारायचं. नाथाचं उत्तर तयार असायचं. चार दिवस हवा खाईल आणि येईल परत. तिकडे आपल्या लोकांना कोण विचारतंय? जेवणाच्या सुट्टीत तो गोऱ्या साहेबाची आणि निवृत्तीच्या इंग्रजीची नक्कल करायचा. सगळे हसायचे. नाथा पूर्वी एवढा विनोदी नव्हता.

निवृत्तीने एक काम अर्धवट ठेवलं होतं. पत्र्याला भोक पाडणारा एक पंच आणि त्याच्या खालचा साचा. ते पुरं करायचं काम आपसूक नाथाकडे आलं. कापडात गुंडाळलेला तो पंच उलगडताना आत काहीतरी चुकलेलं असावं अशी त्याला आशा होती. त्याने मापं घेतली. मग पुन्हा घेतली. पंच साच्यात बसवून खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि एक डोळा मिटून फटीतून पाहिलं. उजेडाची रेघ चारही बाजूंनी सारखीच बारीक होती. त्याने तो कापडात तसाच गुंडाळून ठेवला आणि दिवसभर कुणाशी धड बोलला नाही.

दुसऱ्या रविवारी सकाळी तो मखमलाबादला मळ्यावर गेला. तिथे त्याचा थोरला भाऊ चिमाजी शेवंती आणि भाजीपाला पिकवायचा. आई, ठमाबाई, त्याच्याकडेच राहायची. ती वाफ्यात बसून फुलं खुडत होती. नाथा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानेही हात चालवायला सुरुवात केली.

"निवरती गेला म्हणं परदेशात," ठमाबाई म्हणाली.

"गेलाय. बघायला."

"मंग तू का नाय गेला?"

नाथाच्या हातातलं फूल देठाऐवजी पाकळ्यांत तुटलं. "तुला टाकून कुठे जाऊ?"

"मला काय धाड भरलीय?" म्हातारी फुलांवरची नजर न काढता म्हणाली. "मी चिमाजीपाशी हाय. सून हाय, नातवंडं हायेत. तू काय मला रोज भाकर थापून घालतोस?"

चिमाजी पाण्याचं बारं मोडत होता, एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवत. तो लांबूनच मोठ्याने हसला. नाथाही हसला. मग दुपारचा फोन यायचा म्हणून लवकर निघाला. खरं तर फोन आला तेव्हा तो घरी नसता तरी कुणाचं काही अडलं नसतं.

तिसऱ्या रविवारी निवृत्तीचा आवाज खाली आलेला होता. नाथाला तो पहिल्या शब्दातच जाणवला.

"काय रे, काही जमतंय का?"

"नऊ ठिकाणी जाऊन आलो. सगळे गोड बोलतात. कळवतो म्हणतात. कुणी कळवत नाही. कधीकधी वाटतं, तू म्हणत होतास तेच खरं."

"अरे, असं कसं," नाथा म्हणाला. "अजून आठ-दहा दिवस आहेत की. धीर सोडू नकोस."

हे बोलताना त्याच्या आवाजात खरीखुरी माया आली होती. गेल्या तीन आठवड्यांत निवृत्तीशी तो इतकं चांगलं बोलला नव्हता. मग छायाने फोन घेतला आणि बोलता बोलता पदर तोंडाला लावला. हर्षाली आईच्या मांडीला बिलगून उभी राहिली.

त्या दुपारी नाथाने नेहमीपेक्षा दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. वांग्याची भाजी छान झालीय असंही म्हणाला. साधनाने त्याच्या ताटात तिसऱ्यांदा भाजी वाढली आणि त्याच्याकडे पाहत उभी राहिली.

"काय?" नाथाने विचारलं.

"काही नाही. मी जरा छायाकडे जाऊन येते. एकटीच रडत बसली असेल."

ती हल्ली बऱ्याचदा दुपारची छायाकडे जायची. नाथा कारखान्यात असायचा, तो कशाला विचारतोय.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी नाथा आरशासमोर दाढी करत होता. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. फोन वाजला. त्याने उचलला तर पलीकडे बाईचा आवाज, इंग्रजीत. दोनदा ऐकल्यावर 'ऑकलंड' एवढा एक शब्द त्याला लागला. मग फोनवर एक पुरुष आला. म्हातारा असावा. तो थांबत थांबत, एकेक शब्द सुटा करून बोलला, त्यामुळे नाथाला पुष्कळसं कळलं. निवृत्ती त्याच्या कारखान्यात येऊन गेला होता. निवृत्तीने आपला सिनियर म्हणून नाथाचं नाव आणि नंबर दिला होता. म्हाताऱ्याला एकच गोष्ट विचारायची होती. नुसतं ड्रॉइंग हातात दिलं, तर हा माणूस एकट्याने साचा पुरा करू शकेल का? की शेजारी कुणी लागेल?

नाथाच्या गालावरचा फेस वाळून खाजायला लागला होता.

एकदा नजर टाक रे, हे निवृत्तीचं सोळा वर्षांचं पालुपद होतं. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. 'ही नीड्स हेल्प.' तीन सोपे शब्द. इतक्या चटकन नाथाला इंग्रजी कधी सुचलं नव्हतं. ते शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसले. स्वयंपाकघरातून साधना भांडी आवरत असल्याचा आवाज येत होता. नाथाच्या डोळ्यांसमोर खिडकीशी धरलेला तो पंच आला आणि त्याच्या भोवतीची उजेडाची रेघ. इतर कशाबद्दलही तो खोटं बोलू शकला असता. कामाबद्दल खोटं बोलायची त्याच्या जिभेला सवय नव्हती.

"गुड हँड," तो म्हणाला. "व्हेरी गुड हँड. अलोन, नो प्रॉब्लेम."

म्हातारा खूश होऊन हसला. मग तो भरभर काहीतरी बोलला. त्या लांबलचक वाक्यात नाथाला दोनदा 'यू' ऐकू आलं आणि शेवटी 'पिटी'. उत्तराची वाट न पाहता म्हाताऱ्याने आभार मानले आणि फोन ठेवला.

नाथाने दुसऱ्या गालाची दाढी उरकली. त्यात दोनदा कापलं. मग ओमच्या दप्तरातला शब्दकोश काढून त्याने 'पिटी' शोधला. दया. करुणा. कीव.

कीव!

तो दिवसभर त्या शब्दाशी झटत राहिला. त्या म्हाताऱ्याला आपली कीव का यावी? एकच कारण असू शकत होतं. निवृत्तीने तिथे बसून सांगितलं असणार, की माझा सिनियर आहे बिचारा, हुशार आहे, पण अडकून पडलाय. ज्याच्यासाठी आपण सकाळी सकाळी चांगलं बोललो, त्याने आपल्याला तिकडे कीव करण्यासारखं करून ठेवलं. दुपारपर्यंत त्याला आपल्या चांगुलपणाचा पश्चात्ताप होऊ लागला. संध्याकाळी वाटलं, आता फोन करून सांगता आलं असतं तर! पण म्हाताऱ्याचा नंबर त्याच्याकडे नव्हता.

चौथ्या रविवारी फोनवर छाया किंचाळलीच. नोकरी मिळाली होती. कारखाना लहान होता, पण पत्र पक्कं होतं. छायाने साधनाला मिठी मारली, हर्षालीला उचललं, मग पुन्हा साधनाला मिठी मारली. साधनाने डब्यातली साखर काढून सगळ्यांच्या हातावर ठेवली.

"मला माहीतच होतं," नाथा म्हणाला. "बुधवारी त्यांनी मलाच फोन करून विचारलं होतं."

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या.

"मी नाही म्हटलं असतं तर?" तो हसत म्हणाला. "एका शब्दाचं काम होतं."

कुणी हसलं नाही. छायाने "तुमचे फार उपकार झाले, भाऊजी," म्हणत खरोखरच खाली वाकून त्याच्या पायाला हात लावला. नाथाने पाय मागे घेतले. हातावरची साखर घामाने चिकट झाली होती. ती त्याने तशीच तोंडात टाकली.

निवृत्ती फेब्रुवारीच्या मध्यावर परत आला. त्या रविवारी संध्याकाळी त्याने नाथाला, साधनाला आणि ओमला जेवायला बोलावलं. घरात माणसांची ये-जा चालू होती. कुणी फोटो बघत होतं, कुणी आपल्या भाच्याचं तिकडे काही होईल का म्हणून विचारत होतं. निवृत्ती उन्हाने काळवंडला होता आणि बारीक झाला होता. ओमसाठी त्याने टी-शर्ट आणला होता, साधनासाठी अत्तराची बाटली आणि नाथासाठी जाड लोकरीची टोपी. नाथाने ती घालून दाखवली. सगळे बरी दिसते म्हणाले.

जेवणं झाल्यावर निवृत्ती त्याला गच्चीवर घेऊन गेला. खाली बायका खरकटं काढत होत्या. अंबडच्या बाजूला कारखान्यांचे दिवे लागलेले दिसत होते.

"तू चांगलं सांगितलंस म्हणून झालं," निवृत्ती म्हणाला. "तो म्हातारा मला म्हणाला, तुझा सिनियर कमी बोलतो, पण जे बोलला त्याने माझी खात्री पटली."

"जे होतं ते सांगितलं."

"तेच." निवृत्तीने कठड्यावर हात ठेवले. "नाथा, एक गोष्ट सांगायची होती. पत्रात, फोनवर सांगण्यासारखी नव्हती. त्याला माणसं दोन हवी होती."

नाथाने मान त्याच्याकडे वळवली.

"मी त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं. म्हटलं, माझ्यापेक्षा हुशार माणूस माझ्या गावात आहे. मी जे शिकलो ते त्याच्याकडून शिकलो. तो म्हणाला, मग त्याला का नाही आणलंस? बोलव. दोघांनाही पत्र देतो." निवृत्ती कठड्याच्या चुन्याचा पोपडा नखाने काढत होता. "मी सांगून टाकलं, की तो काही यायचा नाही. त्याला परदेश आवडत नाही."

खाली कुणीतरी मोठ्याने हसलं. नळ सुरू झाला, बंद झाला.

"फार हळहळला तो. त्याची बोलायची पद्धतच आहे, काही हुकलं की 'पिटी, पिटी' करतो. म्हणाला, मी फोनवर तुझ्या मित्रालाही सांगितलं, की तू येत नाहीस हे वाईट झालं. सांगितलं ना त्याने?"

"सांगितलं," नाथा म्हणाला.

"मला वाटलं होतं, तुला एकदा विचारावं. दोनदा फोनही हातात घेतला. पण मग म्हटलं, तू पुन्हा हसशील. मस्कतपासून बघतोय ना मी. मला तर तू काय काय बोलला असतास!" तो हसला, पण नाथाकडे पाहून नाही. पोपडा गळून खाली पडला, तरी त्याचं नख तिथेच खरवडत राहिलं. "दुसऱ्या जागेवर त्याने कोइमतूरचा एक माणूस घेतला. मी निघालो त्याच्या आदल्याच दिवशी."

"म्हणजे भरली जागा."

"भरली." निवृत्तीने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "बरोबर केलं ना रे मी?"

निवृत्तीच्या तोंडावर गच्चीतल्या बल्बचा उजेड होता. इतक्या वर्षांत हा चेहरा नाथाने रोज पाहिला होता. त्यात लबाडी आहे की भाबडेपणा, हे त्याला ओळखता यायला हवं होतं. त्याला ओळखता येईना.

"बरोबर केलंस," तो म्हणाला.

परतताना ओम मागेच राहिला, फोटो बघत. नाथा आणि साधना दोघंच निघाले. दोन गल्ल्यांचं तर अंतर. नाथाने टोपी हातात घेतली होती आणि तो ती मुठीत चुरगाळत चालला होता.

"छाया सांगत होती," साधना म्हणाली. "दोन जागा होत्या म्हणून."

"हं."

"तुम्हाला सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं. परस्पर कळवूनही टाकलं त्याने." नाथा चालता चालता थांबला. "मला न विचारता! माझ्या वतीने बोलणारा हा कोण?"

साधना चार पावलं पुढे गेली होती. तीही थांबली, पण वळली नाही.

"विचारलं असतं तर गेला असतात?"

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला आपली गाडी झाकत होता. तो ताडपत्रीला दोरी बांधेपर्यंत नाथा उभा राहिला.

"गेलो असतो," तो म्हणाला.

त्याने हे आजवर कुणाकडेच कबूल केलं नव्हतं. शब्द बाहेर पडल्यावर त्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"मलाही जायचं होतं," साधना म्हणाली.

नाथाने तिच्याकडे पाहिलं. ती आता वळली होती. रस्त्यावरचा दिवा तिच्या मागे होता, त्यामुळे तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"तुला?"

"दर रविवारी ती फोनवर बोलायची ना, समुद्र आणि घरं आणि काय काय... मला रात्र रात्र झोप लागायची नाही. छायाचं तोंड बघवायचं नाही मला. तिच्या हातावर साखर ठेवताना जिवावर आलं होतं माझ्या." ती अगदी सावकाश बोलत होती. "मी वाट बघत होते. म्हटलं, एकदा तरी तुम्ही म्हणाल, की आपणही बघू या का. निवृत्तीभाऊजींना विचारू या का. एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. नसतं जमलं तरी."

"मग तू का नाही बोललीस?"

"कशी बोलू? तुम्ही हसला असतात."

इस्त्रीवाला निघून गेला. गल्लीत त्या दोघांशिवाय कुणी राहिलं नाही.

"छाया इंग्लिश बोलायच्या क्लासला जाते, सावतानगरला," साधनाच पुढे म्हणाली. "मीही जात होते तिच्याबरोबर. दुपारी. तुम्हाला वाटायचं, सोबत करायला जाते."

"महिनाभर?"

"हं."

"काय शिकवतात?"

"असंच. बोलायला."

"बोलून दाखव," नाथा म्हणाला.

साधनाने त्याच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मग पदर खांद्यावर सारखा केला आणि वर्गात उभं राहतात तशी, पाय जुळवून, ताठ उभी राहिली.

"माय नेम इज साधना," ती म्हणाली. "आय लिव्ह इन नाशिक. माय हजबंड..." ती अडखळली. पुढचा शब्द आठवायला तिने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि मग एकदम म्हणाली, "माय हजबंड इज अ टूल मेकर."

नाथा हसला नाही.

"पुढे?" त्याने विचारलं.